मूळ चित्रण

“माझ्या फाइलला हात कुणी लावला?”

शिंपीणबाईंनी खुर्ची मागे ढकलली आणि अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल असं विचारलं. सगळ्यांनी माना आपापल्या पडद्यात घातल्या. बाईंचा पारा चढला की इथे सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

‘शिंपीणबाई’ हे नाव त्यांना स्टुडिओनेच पाडलं होतं. खरी सुई त्यांनी शाळेनंतर कधी हातात धरली नव्हती. गाण्यांच्या व्हिडिओत नाचणाऱ्या मुलींच्या कमरा त्या संगणकावर आत घेत, दंड बारीक करत, हनुवटीखालचं जास्तीचं काढून टाकत. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेम, म्हणजे एका गाण्याच्या हजारो. प्रत्येक फ्रेममध्ये कंबर तेवढीच आत जायला हवी, नाहीतर नाचताना ती पाण्यासारखी हलते आणि बिंग फुटतं. बाईंचं बिंग वीस वर्षांत एकदाही फुटलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

आज सकाळी एका तरुण गायिकेच्या नव्या गाण्याचं चित्रण आलं होतं. तिची पहिल्यापासूनची गाणी बाईंच्याच हाताखालून गेली होती. बाईंनी ते उघडलं आणि कपाळाला हात लावला. कंबर आधीच आत घेतलेली. गळ्याची हाडं वर आलेली. कुणीतरी शिकाऊ हाताने वाटेल तशी कात्री चालवली होती.

“कुणीही हात लावलेला नाही,” दिग्दर्शक शेजारच्या खोलीतून म्हणाला. “कॅमेऱ्यातून निघालं तसं तुमच्याकडे आलंय.”

“मला शिकवू नका,” बाई म्हणाल्या.

कंबर आत ओढली की तिच्यामागची भिंतही थोडी ओढली जाते. त्यामुळे चोरी पकडायची बाईंची रीत ठरलेली होती. माणसाकडे बघायचंच नाही, त्याच्या मागच्या सरळ रेषेकडे बघायचं. गायिकेच्या मागे एक दार होतं. बाईंनी पडद्यावर पट्टी धरली. चौकट सरळ होती. शंभराव्या फ्रेममध्ये सरळ, हजाराव्या फ्रेममध्येही सरळ.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. ती कंबर खरी होती.

दिग्दर्शक हात चोळत आत आला. “बघा, आज तुम्हाला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्यात. फक्त फासळ्या दिसतायत तिथे जरा भर घाला. पोरगी आजारी वाटायला नको.”

“वाटायला नको, की असायला नको?”

“ते तिच्या डॉक्टरला विचारा, बाई. आपलं काम दिसण्याचं,” असं म्हणून तो जेवायला बाहेर गेला.

दुपारी गायिका स्वतःच आली. वय चोवीस. खोलीत उकडत होतं, आणि हिच्या अंगात स्वेटर. ती बाईंना तोंडओळखीने ओळखायची. बाई मात्र तिचा तीळ न् तीळ ओळखत होत्या. त्यांनी न विचारताच आपला डबा तिच्यापुढे सरकवला.

“नको मावशी,” ती हसली. “आता थोडंच राहिलंय.”

“कशाचं थोडं?”

तिने मोबाइल काढून दाखवला. तीन वर्षांपूर्वीच्या तिच्या पहिल्या गाण्यातलं चित्र होतं. खिडकी, पिवळा झगा आणि मुठीत मावेल अशी कंबर.

“तेव्हा मी अशी होते. दोन्ही वेळ पोटभर जेवत होते, तरीसुद्धा. मग काय झालं कुणास ठाऊक, सुटतच गेले. एवढी परत झाले की थांबणार. आई म्हणते, जीव द्यायला निघालीयस. पण मी दुसऱ्या कुणाचं मागतेय का? माझंच होतं, तेच मागतेय.”

बाईंनी चित्र ओळखलं. ती कंबर त्यांनी चार दिवस खपून केली होती. मूळ चित्रण कलाकाराला दाखवायचं नाही, हा इथला पक्का नियम होता. ‘रंग जरा सुधारलेत’ एवढंच सांगायचं. या नियमापायी दोघांची नोकरी गेलेली बाईंनी पाहिली होती.

त्या उठल्या. दार लावून घेतलं. कपाटातून जुनी डिस्क काढून जोडली.

“बाळा, तू अशी कधीच नव्हतीस,” त्या म्हणाल्या आणि मूळ चित्रण सुरू केलं.

तीच खिडकी, तोच झगा. भरल्या दंडांची, गोल चेहऱ्याची एक मुलगी नाचता नाचता दमली, पोटावर हात ठेवून खळखळून हसली. बाईंनीही ते तीन वर्षांनी पाहिलं. यात कापण्यासारखं आपल्याला काय दिसलं होतं, तेच त्यांना आठवेना. त्यांना स्वतःची शरम वाटली.

“ही तू. हिच्यात काहीच जास्त नव्हतं गं. ती मोबाइलमधली मी बनवलीय. माझं चुकलं.”

गायिका पुढे वाकून बघत राहिली. बाई वाट बघत होत्या. ती रडेल, ओरडेल, दिग्दर्शकाकडे तक्रार करेल. काहीही केलं तरी चालणार होतं, फक्त त्यानंतर तिने दोन घास खायला हवे होते.

“हे आणखी कुणी पाहिलंय?” गायिकेने हळूच विचारलं.

“मी आणि दिग्दर्शकाने. बाकी कुणी नाही.”

गायिकेने रोखून धरलेला श्वास सोडला. बाईंचा हात आपल्या दोन्ही गार हातांत घट्ट धरला.

“थँक्यू, मावशी,” ती म्हणाली. “केवढी लाज राखलीत माझी.”