फिनेलबाईच्या घरात

लेकीने सिंकखालच्या कपाटात हात घातला आणि फडक्याखालून दोन झुरळं सरसर बाहेर आली. एक पाइपावर चढलं. दुसरं दाराच्या कडेवर येऊन मिशा हलवत थांबलं. मागे अंधारात आणखी बरीच वळवळ होती.

लेकीने पायातली चप्पल काढली.

"थांब, मारू नकोस." आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. "काय आहे तिथे?"

"काय आहे काय? झुरळं आहेत."

"कुठे? बोटाने दाखव."

लेकीला राग आला. एवढं डोळ्यांसमोर असून आई मात्र आपल्या गावीच नाही असं दाखवते आहे, असं तिला वाटलं. तरी तिने बोट केलं. "हे एक पाइपावर. हे इथे कडेवर. आणि त्या खोक्याच्या मागे तर अख्खं खानदान आहे."

आईने बोटाच्या रोखाने एकेक नीट पाहून घेतलं. मग ती स्टुलावर बसली आणि तोंडाला हात लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

लेकीने हातातली चप्पल खाली टाकली.

ही बाई पंचवीसेक वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळत होती. मुलींनी तिचं नाव फिनेलबाई ठेवलं होतं. तिच्या राज्यात मुंगीसुद्धा परवानगी काढून येते, असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर तीच शिस्त तिने या दोन खोल्यांत आणली. पण गेले काही महिने काहीतरी बिनसलं होतं. दिवस मावळला की ती स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. बाहेरच्या खोलीत बसून दूध-पावावर भागवायची. मैत्रिणींना घरी बोलावणं बंद झालं होतं. दोनदा डोळे तपासून आली. डोळे ठणठणीत आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी दोन्ही वेळा तोंड उतरवूनच परतली. आणि परवा फोनवर म्हणाली, "माझे कागद कुठे ठेवलेत ते एकदा येऊन बघून जा. माझा काय भरवसा?"

कुठेतरी पाणी मुरतंय, हे लेकीला कळत होतं. म्हणूनच ती रजा टाकून आली होती.

"चल," आईने डोळे पुसले आणि बाह्या वर सारल्या. "सगळं बाहेर काढ."

पाणी खरोखरच मुरत होतं. पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब गळून कपाटाची फळी फुगली होती. पाइप भिंतीत शिरतो तिथे अंगठा जाईल एवढं भोक होतं, आणि भिंतीपलीकडचं घर कित्येक महिने बंद होतं. "हा त्यांचा हमरस्ता," आई म्हणाली. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घड्यांत अंडी चिकटलेली निघाली. खोकी तिने पिशवीत कोंबून, तोंड बांधून, स्वतः खाली नेऊन टाकली. लेकीला दुकानात पिटाळून पांढरं सिमेंट, पाइपासाठी नवा वॉशर आणि बोरिक पावडर मागवली. ती येईपर्यंत पीठ-साखरेचे सगळे डबे घट्ट झाकणांचे झाले होते.

लेकीने सांधा आवळला. आईने भोक बुजवलं. पावडर, पीठ आणि साखर कालवून बारक्या गोळ्या केल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत सरकवल्या. "आता रोज झोपण्याआधी सिंक कोरडं पुसायचं. प्यायला पाणी मिळालं नाही की पाहुणा फार दिवस टिकत नाही."

ती गुणगुणत होती. मध्येच म्हणाली, "मला सपाटून भूक लागली आहे. आज इथेच जेवू, ओट्यापाशी."

लेकीला राहवेना. "तुला यातलं सगळं येतं. मग इतके महिने हातावर हात ठेवून का बसलीस? निदान मला तरी सांगायचंस."

आईने बोटांवरचं सिमेंट सावकाश पुसलं. "तुला तुझी आजी आठवते? शेवटची?"

लेक तेव्हा शाळेत होती. आजी पांघरुणावरून, भिंतीवरून काहीतरी झटकत राहायची, एवढं तिला आठवत होतं. किडे आलेत, किडे घालवा, म्हणायची. भिंत कोरी असायची. आई दोन वर्षं तिच्या उशाशी बसून ते नसलेले किडे झटकायची.

"तिची सुरुवातही अशीच झाली होती," आई म्हणाली. "संध्याकाळच्या वेळी, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मलाही तसंच व्हायला लागलं. सर्रकन काहीतरी जायचं, चष्मा लावेपर्यंत काही नाही. माझ्या घरात झुरळं असतील, हे मनातसुद्धा आलं नाही बघ. वाटलं, आता आपली पाळी. डॉक्टर म्हणाले डोळे चांगले आहेत, तेव्हा तर उरलासुरला धीरही गेला."

लेक तिच्याजवळ खाली फरशीवर बसली. मग तिने आईचा सिमेंटने खरखरीत झालेला हात आपल्या हातात घेतला.

"अगं, एकदा कपाट उघडून बघायचंस ना."

"तेवढं धाडस नव्हतं गं," आई म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं. "उघडलं असतं आणि आत काहीच नसतं, तर?"