बापाचंच चालतं
“कोडमधल्या ‘लेक’ क्लासला ‘बाप’ क्लासचं सगळं आपोआप मिळतं. वेगळं हवं, तर फंक्शनला तेच नाव देऊन स्वतःचं लिहायचं. नावात एक अक्षर चुकलं, की बापाचंच चालतं!” प्रोग्रामिंग शिकवणारे मास्तर स्वतःच्या मुलीवर खेकसले. स्क्रीनवर तिसऱ्यांदा तीच चूक दिसली, तशी त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. वडिलांकडून आलेली स्टीलची पट्टी त्यांनी उभी धरून तिच्या बोटांवर हाणली. रक्त कीबोर्डवर टपकलं. तिने पट्टी हिसकावली आणि त्यांच्यावरच उगारली. मास्तरांचे हात झटकन डोक्यावर गेले, मान खांद्यांत शिरली. “नको ना, बाबा!” लहानपणी याच पट्टीखाली ओरडायचे तसेच ते ओरडले. मुलगी थिजली. मग पट्टी पायाखाली दाबून तिने पार वाकवली, टेबलाशी बसली आणि रक्ताळलेल्या बोटाने ते एक अक्षर दुरुस्त केलं. ती म्हणाली, “बाबा, आता माझं चालेल.”