उभा दावा

"साहेब, यांना सांगा, आपला किरण आडवा करा म्हणावं," ती म्हणाली. "हे" शेजारच्याच स्टुलावर बसले होते, हातभर अंतरावर.

"साहेब, तिला सांगा, माझा किरण उभा आहे आणि उभाच राहील," नवरा म्हणाला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. नवरा-बायकोला एका टेबलावर बसवायची दुर्बुद्धी त्यांचीच.

यंत्र तसं साधं होतं. दोन दिव्यांचे दोन किरण काचेच्या एका ठोकळ्यात शिरायचे आणि एकाच फायबरमधून, म्हणजे काचेच्या केसाएवढ्या तारेतून, पुढे जायचे. पलीकडे किती उजेड पोचला, ते टोकाचा मीटर दाखवायचा. अट एकच. एका किरणाची थरथर उभी हवी, दुसऱ्याची आडवी. मग दोघं एकाच वाटेनं जातात, कोणी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोघं सारखेच निघाले, तर ठोकळा एकाला आत घेतो आणि दुसऱ्याला भलतीकडेच पिटाळतो. इथे दोन्ही किरण मुळात उभे. तेव्हा कोणीतरी एकानं आपल्या पुढ्यातली चकती फिरवायची आणि किरण आडवा करायचा. काम एवढंच.

पण घरी आठ दिवस अबोला होता. नवा पलंग खोलीत उभा टाकायचा की आडवा, इथून सुरुवात झाली आणि गाडी एकमेकांच्या आईपर्यंत गेली. पलंग अजून दारातच होता. तिथे कोणी माघार घेतली नाही, ती चकतीपाशी कोण घेणार?

"चार वाजता मी मीटरचा काटा बघणार," साहेब म्हणाले. "तो पूर्ण वर नसेल तर तुमच्यापैकी एकाची दुसऱ्या कारखान्यात बदली. इथून आठ तास लागतात."

जेवणाच्या सुट्टीत दोघांनाही घास उतरला नाही. भांडण ठीक आहे हो, पण भांडायला माणूस समोर तर हवं.

चार वाजता साहेबांनी काटा पाहिला. निम्म्यावरच.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "असं कसं? सुट्टीत कोणी नव्हतं तेव्हा मी माझा आडवा केला की."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी पण केला रे."

आठ दिवसांत पहिल्यांदा ती थेट त्याच्याशी बोलली होती. त्याला भरूनच आलं.

"थांब, मी माझा परत उभा करतो," तो म्हणाला.

"तू कशाला? मी करते ना."

दोघांनी एकदमच चकत्या फिरवल्या. काटा निम्म्यावर. मग दोघांनी एकमेकांची माफी मागितली आणि पुन्हा फिरवल्या. काटा जागचा हलेना.

"रुसलात तेव्हा निम्मा, मनवताय तेव्हाही निम्मा," साहेब हात जोडून म्हणाले. "अहो, एकानं तरी रुसून बसा."

"मी रुसते."

"नको, तू दमलीस. मी रुसतो."

साहेबांनी मुकाट्यानं तिच्याकडे बोट दाखवलं. तिनं हाताची घडी घातली आणि तोंड फिरवलं. नवऱ्यानं एकट्यानं चकती फिरवली. काटा सरसर वर चढला आणि टोकाला जाऊन टेकला.

साहेबांनी तयार ठेवलेला बदलीचा कागद फाडला. यंत्रासोबत गिऱ्हाइकाकडे जाणारा तक्ता पुढे ओढला आणि "देखभालीच्या सूचना" या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: एका वेळी एकानेच रुसावे.