बोलिव्हियाच्या गोळ्या

सौदीत खसखस चालत नाही म्हणून सासूबाईंच्या हातचे अनारसे मुंबई विमानतळावरच टाकून देणारी कीर्ती! बोलिव्हियातल्या ला पाझ शहराच्या चार दिवसांच्या सहलीत तिला केबल कारच्या उंचीपेक्षा जेवणाच्या टेबलाचीच जास्त धडकी भरायची. आपल्याकडे बडीशेप ठेवतात तशा तिथे कोकाच्या पानांच्या हिरव्या गोळ्या ठेवत, आणि याच पानांपासून कोकेन होतं.

"अगं, इथे शाळेतली पोरंसुद्धा खातात," तिचा नवरा रणजित हसला होता.

"आपल्याला सौदीत परत जायचंय. तिथे यापायी मान जाते," असं म्हणत तिने निघताना त्याचे सगळे खिसे स्वतः उलटे करून पाहिले होते.

आता सौदीतल्या दम्माम विमानतळावर कस्टम्सचा अधिकारी त्यांच्या बॅगा उघडत होता. तेवढ्यात त्यांच्या चार वर्षांच्या लेकीने, इराने, फ्रॉकच्या खिशातून एक हिरवी गोळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "अंकल, फॉर यू!"

कीर्ती तिला मागे ओढायला झेपावली, पण उशीर झाला होता. रणजित तर पांढराफटक पडला. अधिकाऱ्याने गोळी उलटसुलट करून पाहिली, इराच्या गालाला हात लावला, आणि कागद सोलून ती सरळ तोंडात टाकली.

कीर्तीने कधीचा रोखलेला श्वास सोडला.

"माशाअल्लाह, मीठा! और है?" त्याने मोडक्या हिंदीत हसत विचारलं.

 

"येस अंकल! मम्माज पर्स इज फुल!"