चहा ठेवू का?

"आई, चहा ठेवू का?" सुनेनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि माईंच्या कपाळावर आठी चढली.

त्या स्टुलावरून उठल्या, जाड फडकं घेतलं आणि ओव्हन उघडला. बिस्किटं अगदी वेळेवर निघाली. कडा कडक, मध्ये बोट टेकवलं तर किंचित दबणारी, वर बारीक भेगा. सून ट्रेकडे बघत होती. माईंनी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली.

काकवीच्या बिस्किटांचं दुखणं असं, की त्यांचं पीठ मुळातच काळंसावळं. रंगावरून काही कळत नाही, आणि कळेपर्यंत ती करपलेली असतात. माईंचा ओव्हन त्यांच्याइतकाच जुना आणि लहरी, त्यामुळे घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता. काकवीचा गोड वास जरा खमंगाकडे झुकला की ट्रे बाहेर. ही नाकानं भाजायची बिस्किटं, असं त्या ज्याला त्याला सांगत.

माई चाळीस वर्षं एका कारखान्याच्या खाणावळीत राबल्या होत्या. तिथलं कौतुक नेहमी मुकादमाच्या वाट्याला गेलं. आता कोपऱ्यावरचा बेकरीवाला शनिवारी चार वाजता बिस्किटांची चव बघायला येणार होता. पसंत पडली, तर त्याच्या काचेच्या कपाटात "माईंची बिस्किटं" अशी पाटी लागणार होती. आयुष्याकडे माईंचं दुसरं मागणं उरलं नव्हतं.

आणि नेमकं त्यातच सुनेनं नाक खुपसलं होतं.

गेल्या हिवाळ्यात माई तापातून उठल्या, तेव्हापासून हे सुरू झालं. बाई गच्चीवर कपडे वाळत घालत असो की फोनवर बोलत असो, बिस्किटं होत आली की दारात हजर. वर तोंडदेखला चहाचा प्रश्न. या घरात एवढा चहा पितं कोण? हिला आपली खूण हेरायची आहे, हे माईंनी कधीच ओळखलं होतं. आपण डोळे मिटले की पाटी हिच्या नावाची.

तापानंतर माईंचा जगावरचाच विश्वास उडाला होता. सुंठेत पूर्वीचा दम नव्हता. दालचिनी म्हणून दुकानदार बिनदिक्कत लाकडाची सालं विकत होते. साबणाला नुसता फेस. सगळीकडे भेसळ. त्यांनी पिठात सुंठेचा तिसरा चमचा घातला तेव्हा सून हळूच म्हणाली होती, "आई, पुरे." तेही माईंनी मनात धरून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. उद्या सुनेनं सकाळीच आपल्या आईकडे जावं आणि संध्याकाळपर्यंत इकडे फिरकू नये. मुलाचा घास हातातच राहिला. त्यानं कारण विचारलं, तेव्हा माईंनी आडपडदा ठेवला नाही. घरात चोर ठेवून बिस्किटं भाजायची आपल्याला सवय नाही, असं सरळ सांगून टाकलं.

"आई, तुला आता खरं काय ते सांगतोच," मुलगा म्हणाला.

सुनेनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "नको. उद्याचा दिवस जाऊ दे." मग ती माईंकडे वळली. "मी जाते, आई. फक्त बारा मिनिटांचा गजर लावा. एवढं ऐका माझं."

"तुला तुझ्या आईनं घड्याळ दिलं असेल," माई म्हणाल्या. "मला माझ्या आईनं नाक दिलंय."

सुनेचे डोळे भरून आले. माईंना ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

शनिवारी मुलगा बायकोला सोडायला गेला. निघताना तिनं गजराचं छोटं घड्याळ ओट्यावर ठेवलं होतं. माईंनी ते चमच्यांच्या खणात टाकून दिलं. कित्येक महिन्यांनी स्वयंपाकघर त्यांचं एकटीचं झालं होतं. त्यांनी मैदा चाळला, लोणी आणि काकवी कोमट केली, गोळे वळून साखरेत घोळवले. गरमागरम पुढे ठेवता यावीत म्हणून पावणेचारला ट्रे आत जाणार, हे त्यांनी आठवडाभर घरात ऐकवलं होतं. ठरल्याप्रमाणे पावणेचारला तो गेला. माई स्टुलावर डोळे मिटून बसल्या.

चारला तीन मिनिटं कमी असताना बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"आई," पलीकडून सून घाईघाईनं म्हणाली, "चहा ठेवलात का?"

माईंना हसावं की रडावं कळेना. तिकडे बसूनही हिला चैन नव्हतं. "आज चहा नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजू लागला. माईंनी आत येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि परत डोळे मिटून स्टुलावर बसल्या. फोन बराच वेळ वाजत राहिला.

बेकरीवाल्याला उशीर होत होता. माईंचे डोळे चुरचुरू लागले, मिटल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं. एवढ्या तेवढ्यावरून डोळे गाळणाऱ्यातल्या आपण नव्हे, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. पण दिवसच तसा होता. पाटी कुठल्या रंगाची असेल, याचा विचार करत त्या बसून राहिल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. डोळे पुसतच, स्वयंपाकघराचं दार मागे ओढून घेत माई लगबगीनं बाहेरच्या दाराशी गेल्या.

बेकरीवाल्यानं एक पाय आत टाकला आणि तिथेच थबकला. त्यानं खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. त्याच्यामागे वरच्या मजल्यावरची शेजारीण धावत जिना उतरत होती. तो माईंच्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. दाराच्या फटीतून काळा धूर बाहेर येत होता.

"या, बसा," माई तोंडभर हसून म्हणाल्या. "जरा थांबावं लागेल. अजून वास सुटला नाही."