हाक ऐकू येईल असं दार

“उजेडाचा कणही आत येता कामा नये. आवाज मात्र सगळा आला पाहिजे,” फोटोग्राफर म्हणाला.

सुताराने पेन्सिल कानावर खोचली आणि या जुन्या गिऱ्हाइकाला नव्याने पाहून घेतलं. घरातला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लोक दारं मागत. विशेषतः घरात नवी सून आली की. आवाज आत यावा म्हणून दार मागणारा त्याला तीस वर्षांत हा पहिलाच भेटला.

मागणी वेडेपणाची नव्हती. स्टुडिओ बंद करून फोटोग्राफरने सगळं सामान घरी आणलं होतं आणि अडगळीच्या खोलीत त्याला डार्करूम करायची होती. शेजारच्या खोलीत बायको अंथरुणाला खिळलेली. अर्धांगवायूच्या झटक्यापासून तिची डावी बाजू तिचं ऐकत नव्हती. पाणी हवं, कूस बदलायची, खिडकी लावायची, सगळ्याला हाक मारावी लागे. तीही निम्म्या आवाजात. ती हाक आपल्याला ऐकूच आली नाही तर? या एका धास्तीपायी डार्करूम वर्षभर रखडली होती.

सुताराने आणलेली दारं एकेक करून चौकटीत उभी केली. सागवानी दार इतकं भक्कम, की आतल्या माणसाला जगबुडी झालेली दुसऱ्या दिवशी कळली असती. सरकत्या दारातून आवाज येई, पण तो उजेडाला सोबत घेऊन. उरलं पातळ प्लायवूडचं. कडेने काळी लोकरी पट्टी मारली की त्यातून उजेड येणार नव्हता. सुताराला ते दाखवायचीही लाज वाटत होती.

“तुम्ही आत व्हा,” फोटोग्राफर त्याला म्हणाला. दार लागलं. “अगं, बोल काहीतरी. नेहमीच्याच आवाजात.”

“काय बोलू?” तिने विचारलं. मग पुटपुटली, “याने केलेलं कपाट वाकडं आहे.”

दार धाडकन उघडलं. “कपाट सरळ आहे, वहिनी! भिंत वाकडी आहे तुमची!”

त्या घरात कितीतरी महिन्यांनी तीन माणसं एकदम हसली. तिचं हसू उजव्या गालापुरतंच होतं, पण ते फोटोग्राफरला पुरलं. दार ठरलं.

आठवड्याने, दुपारी, त्याने पहिला रोल धुवायला घेतला. डब्यातली फिल्म रिळावर चढवून धुण्याच्या छोट्या टाकीचं झाकण लागेपर्यंत मिट्ट काळोख लागतो; लाल दिवासुद्धा चालत नाही. एके काळी हे काम तो गप्पा मारता मारता उरकायचा. आता बोटांची सवय मोडली होती.

“आत जातोय गं. फिल्म उघडतोय. काही लागलं तर हाक मार. लगेच येतो.”

“जा हो तुम्ही.”

त्याला वीस मिनिटं लागली. सगळा वेळ एक कान दाराकडे होता. तिच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. एकदा ती खोकली, तेही ऐकू आलं. हाक आली नाही. झाकण फिरवून त्याने दिवा लावला, मनातल्या मनात सुताराची पाठ थोपटली आणि बाहेर आला.

ती जमिनीवर होती. चादरीसकट सावकाश घसरत खाली आली असावी. चांगला हात अंगाखाली अडकून काळानिळा पडला होता. डोळे उघडे होते, ओठ घट्ट मिटलेले.

त्याने तिला कसंबसं उचललं. “अगं, हाक का नाही मारलीस? नुसतं ‘अहो’ म्हणायचं होतंस!”

“फिल्म उघडी होती ना,” ती म्हणाली. “मागे आपली पोर भाजली म्हणून मी स्टुडिओतल्या डार्करूमचं दार उघडलं, तर चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतात तुम्ही.”

ती फिल्म त्याला लख्ख आठवली. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाची होती, छत्तीस फोटो, सगळे काळेकुट्ट झालेले. पोर भाजली होती, हे मात्र काही केल्या आठवेना.