सहरने मुलीचं कौतुक केलं

"काय खेळते गं तुझी रीताज. अख्ख्या अलेक्झांड्रियात अशी पोर शोधून सापडायची नाही," सहर काचेच्या कोर्टाबाहेरून मोठ्याने म्हणाली. आत तिची स्वतःची हनीन स्क्वॉशचा पहिला डाव हरत होती.

शेजारी बसलेली नग्ला, म्हणजे रीताजची आई, तीही काही कमी नव्हती. "कशाचं काय घेऊन बसलीस. सकाळपासून पोट धरून बसलीय माझी. तुझी हनीन बघ, नुसती हरिणी आहे हरिणी."

सहरने लगेच हेरलं. मेलीने माशाल्लाह म्हटलं नव्हतं. माशाल्लाह न म्हणता केलेलं कौतुक म्हणजे सरळसरळ दृष्ट. सहरने पर्समधला दृष्ट टाळणारा निळा मणी मुठीत घट्ट धरला. हनीनचा गुडघा दुखतो, तिला दम लागतो, अभ्यासातही डोकं नाही, असं सगळं तिने घाईघाईने सांगून टाकलं. गुडघ्याला काहीएक झालेलं नव्हतं. तरी प्रत्येक सामन्याआधी सहर त्याला पट्टी बांधायची.

क्लबातल्या सगळ्या आयांचं हे असंच. आपली ती लंगडी, दुसरीची ती हरिणी. नवख्या माणसाला वाटावं, काय मोठ्या मनाच्या बायका आहेत. पोरींना मात्र चांगलं ठाऊक होतं. एखादी आई आपल्यावर खूश झाली की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

सहरला काय याची हौस होती? हनीनचं कौतुक ती करायचीच. घरी, एकटी असताना, स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून. पाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जायला नको. हनीनलासुद्धा.

दोघींनी दोन-दोन डाव जिंकले. शेवटचा डाव जिंकेल ती क्लबच्या संघात जाणार होती. हनीनला शिकवणारे कॅप्टन अश्रफ सहरजवळ आले.

"मादाम, पोरगी सारखी तुमच्याकडे बघतेय. आईने पाठीशी उभं राहावं, एवढंच हवं असतं पोरांना. एकदा तरी शाबास म्हणा."

"आणि दृष्ट लागली म्हणजे?"

"लागली तर मला लागू दे. माझं आधीच टक्कल पडलंय."

डाव रंगला. दहा-नऊ. हनीनला आता एकच गुण हवा होता. घामाने निथळणारी पोर काचेतून आईकडे बघत होती. सहरचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत आपण हिच्यासाठी एक टाळीसुद्धा वाजवली नाही, हे तिला एकदम टोचलं. तिने मणी पर्समध्ये टाकला आणि ती उठून उभी राहिली.

"हनीन, तुझ्यासारखी तूच गं बाळा. या सगळ्यांत तूच भारी आहेस."

भरात माशाल्लाह म्हणायचंही राहून गेलं.

बाकांवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नग्लाचा कॉफीचा कप ओठांशीच थांबला. "अगं बाई," ती पुटपुटली, "पोटच्या पोरीला?" कॅप्टन अश्रफ तेवढे एकटेच टाळ्या वाजवत होते.

हनीन पांढरीफटक पडली. समोर आलेला सोपा चेंडू तिने भिंतीखालच्या पत्र्यावर मारला, म्हणजे गुण रीताजला. पुढचाही तिथेच. त्याच्या पुढचाही. सामना संपला. रीताजने हात मिळवला, पण तोसुद्धा लांबूनच, बोटांच्या टोकांनी.

सहर कोर्टाच्या दाराकडे धावली. हनीन बाहेर आली. आईने पुढे केलेले हात बघून ती एक पाऊल मागे सरली.

"आई," ती म्हणाली, "मी तुझं काय वाईट केलं होतं?"